दोन्ही दिवे

रेणुकादास बोधनकर यांनी नांदेडच्या तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षं एकच प्रश्न विचारला. तोंडी परीक्षेला पोरगं समोर उभं राहिलं की ते टेबलावरची छोटी मोटार आणि तिचा ड्रायव्हर पुढे सरकवत आणि म्हणत, "दोन्ही इनपुट दिले तर मोटार काय करते?"

"बंद होते सर."

"आणि एकही नाही दिला तर?"

"तरी बंदच होते सर."

"मग दोन्हीत फरक काय?"

इथे शंभरातली नव्वद पोरं छताकडे बघायला लागत. ड्रायव्हर म्हणजे तळहातावर मावेल एवढी पट्टी. तिच्यात हुकूम घेणाऱ्या दोन वायरी, म्हणजे इनपुट, असतात. पहिलीतून सांगितलं तर मोटार एका अंगाने फिरते, दुसरीतून सांगितलं तर उलट्या अंगाने. कोणीच काही सांगितलं नाही तर मोटार मोकळी असते, बोटानं फिरवली तरी फिरते. पण दोन्हीकडून एकदम सांगितलं की ती जागच्या जागी आवळून बसते, चिमटीत धरून जोर लावला तरी दाद देत नाही. "कोणीच न बोलणं वेगळं, आणि दोघांनी एकाच वेळी उलटं बोलणं वेगळं," सर समजावत. "पटत नसेल तर घरी आईवडलांकडे बघा." हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि पोरं त्यावर मार्कांपुरती हसत.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या बायकोला, सौदामिनीला, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई. तिचा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा. आता डाव्या हाताची दोन बोटं तेवढी तिची होती. समज मात्र पूर्ण शाबूत होती, आणि रेणुकादासांना मनातून वाटे की तीही गेली असती तर तिला सोपं गेलं असतं. असं वाटल्याची मग लाज वाटे.

तिच्यासाठी खाट त्यांनी स्वतः तयार केली. लोखंडी पलंगाची डोक्याकडची बाजू कापून बिजागरीवर घेतली, खाली जुन्या मोटारगाडीच्या वायपरची मोटार आणि लांब स्क्रू बसवला आणि पायाला ड्रायव्हरची पट्टी ठोकली. लाल बटण त्यांच्या हाताशी, भिंतीला. ते दाबलं की खाटेची पाठ वर येई. हिरवं बटण सौदामिनीच्या डाव्या बोटांखाली. ते दाबलं की पाठ खाली जाई. त्यांच्या बटणानं फक्त वर जायचं, खाली नेणं तिच्याच हातात. हे त्यांनी मुद्दाम तसं केलं होतं, काहीतरी तिच्या हातात राहावं म्हणून. पट्टीवर लाल आणि हिरवा असे दोन बारके दिवे होते. कुठला हुकूम आला ते त्या दिव्यांवरून कळे.

पहिल्याच आठवड्यात ते लाल बटण दाबून तिला उठवत होते, तर तिनं हिरवं दाबलं. दोन्ही दिवे लागले आणि खाट अर्ध्यावर थांबली. मोटार नुसती हुंकारत राहिली.

"अगं, सोड ना तू."

तिनं सोडलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या ध्यानात आलं की ती "पुरे" म्हणते आहे. दोन महिने मुकं पडलेलं घर त्या दिवशी बोलायला लागलं. रेणुकादास स्वयंपाकघरात जाऊन, कुकरच्या आवाजाआड, मनसोक्त रडले. पुढे दोघांची त्या दिव्यांवर भांडणंसुद्धा झाली. ते वर म्हणत, ती पुरे म्हणे. शेवटी ते हात टेकत आणि खाट सावकाश खाली जाई. तिच्या डाव्या ओठाचा कोपरा तेव्हा किंचित हले. जिंकल्यावर ती आधीही तशीच हसायची.

दीड वर्ष असं गेलं. माणूस थकतो म्हणजे नेमकं काय होतं, ते रेणुकादासांना आता पुस्तकात लिहिता आलं असतं. पाठीपेक्षा आधी कान थकतात, सतत कुणाच्या श्वासाकडे लागलेले असतात म्हणून. दिवसा देगलूरकडची गुरम्मा मदतीला येई. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत बाई. ती सौदामिनीला आईला म्हणावं तसं "अव्वा" म्हणे, अंग पुसताना कानडीत काहीबाही बोलत राही, आणि दुपारी दोन तास जेवायला घरी जाई. मुलगी उर्वी पुण्याला. तिचा रोज फोन येई, "बाबा, आज किती चमचे?"

कारण आता सगळं चमच्यांवर येऊन ठेपलं होतं. गिळण्याची ताकद कमी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पेज भरवायची ती बसवूनच, आडवं ठेवून भरवलीत तर फुप्फुसात जाईल. आणि पोटात पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. एप्रिलपासून सौदामिनी चौथ्या चमच्याला "पुरे" म्हणायला लागली. मग दुसऱ्या चमच्याला. मग वाटी दिसली की लगेच.

नळीबद्दल तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. लातूरला तिच्या आईला अकरा महिने नळी होती. तिला शेवटचं भेटून दोघं परत येत असताना अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली. तिथे सौदामिनी म्हणाली होती, "माझ्या नाकात ते घालू देऊ नका. मी बोलू शकले नाही तरी घालू देऊ नका."

"हाव, ठीक आहे," असं म्हणून रेणुकादास भजे आणायला खाली उतरले होते. त्यांना नळीही नको होती आणि ती जायलाही नको होती. तिनं नुसतं खावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि नेमकं तेच ती ऐकत नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी पेज तिसऱ्यांदा गार झाली. कूलर गरम हवा फेकत होता. रेणुकादास खाली वाकले, हत्यारांच्या डब्यातून कटर घेतलं आणि खाटेच्या पायामागे हिरव्या बटणाची वायर तोडली. बटण तिच्या बोटांखाली तसंच राहू दिलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही.

मग त्यांनी लाल बटण दाबलं. तिनं हिरवं दाबलं. खाट वर येत राहिली. तिनं पुन्हा दाबलं, इतकं की नखं पांढरी झाली. खाट पूर्ण वर आली आणि त्यांनी चमचा पुढे केला. आश्चर्यानं म्हणा, कशानं म्हणा, तिनं तोंड उघडलं. त्या दिवशी नऊ चमचे गेले. दुसऱ्या दिवशी बारा, तिसऱ्या दिवशी चौदा. उर्वी फोनवर खूश झाली. सौदामिनी दर वेळी बटण दाबे, त्यांच्याकडे बघे आणि मग नजर खिडकीकडे वळवी. ते चमच्याकडे बघत. पाठ खाली न्यायची झाली की आता ते स्वतः खाटेखाली वाकून स्क्रू हातानं उलटा फिरवत.

चौथ्या दिवशी खाट अर्ध्यावर थांबली.

मोटार हुंकारत होती. रेणुकादासांनी खाली बघितलं. दोन्ही दिवे लागले होते.

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. बोटं बटणाच्या बाजूला, चादरीवर सैल पडली होती. ते गुडघ्यांवर बसून खाटेमागे गेले. वायरीची दोन टोकं तशीच होती, मधे चार बोटांचं अंतर.

आधी त्यांना हसूच आलं. इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं, की इनपुटची वायर नुसती लोंबकळत ठेवू नका, उघड्या टोकाला हवेतली खरखरसुद्धा हुकूम वाटते. आणि आपणच तेवढं विसरलो. त्यांनी ते टोक शून्याला, म्हणजे जिच्यात वीज नसते त्या वायरीला, बांधलं, घट्ट पीळ देऊन कथलाचा डाग दिला. आता तिथे काही येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दिवे लागले.

त्यांनी मीटर लावलं. मीटर शून्य दाखवत होतं. त्याच शून्यावरचा हिरवा दिवा जळत होता आणि खाट हलत नव्हती. ते वजिराबादच्या बाजारात जाऊन नवा ड्रायव्हर घेऊन आले. बाहेरच्या खोलीत टेबलावर तास-दीड तास तपासला. दोन्ही इनपुट चारही प्रकारे देऊन बघितले, तो शहाण्यासारखा वागला. आत नेऊन खाटेला जोडला, लाल बटण दाबलं, आणि दोन्ही दिवे लागले.

"मोटार जळली का सर?" गुरम्मानं विचारलं.

"मोटार चांगली आहे."

"मंग लाईट कमी येत आसंल."

"तसंही नाही," ते म्हणाले. त्यांनी मीटर पुन्हा उचललं.

खरी गोष्ट गुरम्माच्याच लक्षात आली. सौदामिनीचे केस विंचरायचे होते, म्हणून तिनं लाल बटण दाबलं आणि खाट विनातक्रार वर आली. उशी बदलताना आली. पाठ पुसताना आली.

"म्या दाबलं की जातंय वर," ती दोन दिवसांनी म्हणाली. बोलताना ती चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. "तुमी वाटी घेतली की अडतंय. तुमी आत चुलीपाशी आसता, हितं बटणाला कुणाचा हात न्हाई, आन हिरवा लागतोय. म्या बघितलंय सर."

"काहीतरी बोलू नका."

"बरं," गुरम्मा म्हणाली. घडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "अव्वाला इचारा की एकदा."

त्यांनी विचारलं नाही. विचारायचं तर आधी वायरीचं सांगावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघितलं. खाट सपाट होती, त्यामुळे हिरव्याला करण्यासारखं काही नव्हतं. तो विझलेला होता. त्यांनी ओट्यावरची रिकामी वाटी उचलली, तरी तो विझलेलाच राहिला. मग पातेल्यातून पेज वाटीत ओतली.

दिवा लागला.

सौदामिनी छताकडे बघत होती.

आणखी तीन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय फारसं काही गेलं नाही. उशा रचून बसवावं तर ती एका अंगाला कलंडे. रेणुकादासांच्या नाकी नऊ आले होते. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीचं त्यांना त्या क्षणी चक्क कौतुक वाटलं. गुरम्माला सांगितलं, केस विंचरायला घ्या. खाट वर आली, तसा त्यांनी दाराजवळचा खाटेच्या वीजपुरवठ्याचा खटका बंद केला. आता दोन्ही दिवे मेले. स्क्रूवरची खाट जिथे आहे तिथेच राहणार होती आणि खाली जायला तिच्यात ताकदच नव्हती. ते वाटी घेऊन आले.

सौदामिनीनं खटक्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. पण उजव्या कोपऱ्याला जोर नव्हता. त्यांनी चमचा तिथून आत सारला.

ठसका लागला तो थांबेचना. चेहरा निळसर झाला. गुरम्मानं तिला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे श्वास परत आला. रेणुकादासांनी खटका पुन्हा चालू करून तिला आडवं केलं. संध्याकाळी ताप चढला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता थांबून चालणार नाही, गुरुवारी आणा, नळी घालू. उर्वीही म्हणाली, "बाबा, प्लीज. आईला उपाशी ठेवायचं का आपण?"

"गुरुवारी चार वाजता गाडी येते आहे," ते म्हणाले. बोलताना त्यांचं लक्ष खाटेच्या पायाकडे होतं. हिरवा दिवा लागलेला होता.

गुरुवारी अकराला गुरम्मानं सौदामिनीचं अंग पुसलं, धुतलेलं पातळ नेसवलं आणि ती जेवायला गेली. रेणुकादास कागदपत्रं पिशवीत भरत बसले. फाइल, आधार कार्ड, जुने रिपोर्ट. रिपोर्टांच्या गठ्ठ्यात लातूरच्या सासूबाईंच्या दवाखान्याची एक जुनी चिठ्ठी निघाली. ती सौदामिनीकडेच राहून गेली असावी. ते ती हातात घेऊन बराच वेळ बसले.

एक वाजून गेल्यावर ते उठले. खाटेमागे गुडघे टेकून बसले, डाग सोडवला, वायरीची टोकं तासली, एकमेकांना पीळ दिला आणि वरून टेप गुंडाळली. हिरवं बटण पुन्हा तिचं झालं. ते बटण त्यांनी तिच्या मुठीत सरकवलं आणि घाईघाईनं भिंतीपाशी येऊन उभे राहिले.

"सौदा," ते म्हणाले. "ही वायर मी तोडली होती. तू दाबत होतीस, ते मला कळत होतं. आता जोडली आहे."

कूलरची घरघर चालू होती. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते, ताप आल्यापासून ते तसेच असत.

"चारला गाडी येते. नळी घालायची म्हणतात. तुला नको असेल तर दाब. तू दाबलंस तर मी उर्वीला सांगतो आणि गाडी परत पाठवतो. यात फिरवाफिरवी करणार नाही. मी आता लाल दाबतो आहे, बघ."

त्यांनी बटण दाबलं आणि दिव्यांवर नजर ठेवली.

लाल लागला.

हिरवा लागला नाही.

खाट वर येत गेली. पाव उंचीवर थांबली नाही, अर्ध्यावर थांबली नाही. मोटारीचा आवाज साफ होता. ती पूर्ण वर येऊन थांबली, आणि रेणुकादासांनी बटण सोडलं, तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

तिला चालेल. तिला राहायचं आहे. एवढे दिवस ती वायरीवरून रुसली होती, दुसरं काही नव्हतं. दीड वर्षात त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. "थांब हं," ते म्हणाले, "जायच्या आधी दोन चमचे घेऊ, आलोच." आणि जाता जाता त्यांच्या हातानं नकळत दाराजवळचा खाटेचा खटका बंद केला.

ते त्यांच्या लक्षात आलं. जरा ओशाळल्यासारखं झालं. पण राहू दिला.

पेज गरम करून ते परत आले. चमचा तिच्या ओठांशी नेला. पेज आत गेली नाही. हनुवटीवरून ओघळून धुतलेल्या पातळावर पडली.

त्यांनी पुन्हा चमचा भरला.

"सर." गुरम्मा दारात उभी होती. ती आत आली, सौदामिनीच्या पावलाला हात लावला, मग हाताला. "सर, वाटी ठिवा खाली."

"आत्ता हो म्हणाली ती," रेणुकादास म्हणाले. "मी विचारलं. आत्ता."

"न्हाई सर. लई येळ झाला. बोटं बघा, वाकंना गेल्यात. म्या गेल्यावर लगीच गेल्या आसतील."

त्यांनी बघितलं. बटण सरकवताना त्यांनी ती बोटं धरली होती. तेव्हा त्यांचं लक्ष वायरीकडे होतं आणि नंतर दिव्यांकडे. तिच्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. एकोणतीस वर्षं ज्या फरकासाठी पोरांचे मार्क कापले, तो त्यांना स्वतःच्या घरात ओळखता आला नव्हता. कोणीच काही बोललं नव्हतं, आणि ते त्याला होकार समजले होते.

गुरम्मानं पदरानं तिची हनुवटी पुसली. "आडवं करा सर त्यास्नी. अंग आखडलं तर मंग सरळ व्हत न्हाई. बसल्याबसल्या न्यावं लागंल."

"माझ्या बटणानं खाली जात नाही."

"मंग त्यांचं दाबा."

ते बटण तिच्या मुठीत होतं. रेणुकादासांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या मुठीतून ते काढून घेणं त्यांच्यानं झालं नाही.

"म्या शेजारच्यास्नी बलवून आणते," गुरम्मा म्हणाली आणि बाहेर गेली.

ते खाटेशेजारी खाली फरशीवर बसले. सौदामिनी त्यांच्या डोक्याच्या वर, ताठ बसून होती. त्यांनीच बसवली होती.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

मोटार सुरू झाली.

त्यांच्या खांद्याशी, खाटेच्या पायावर, हिरवा दिवा लागला होता. एकटाच.

खाट सावकाश खाली गेली. कुठे अडखळली नाही. पाठ पूर्ण सपाट झाली, मान उशीवर सरळ आली, आणि दिवा आणखी थोडा वेळ तसाच जळत राहून विझला.

गुरम्मा शेजारच्या बाईंना घेऊन आत आली. "बरं केलंत सर," ती म्हणाली, आणि पंखा लावायला दाराकडे वळली. मग तिचा हात तिथेच थांबला.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "खाटेचा खटका तर बंदच हाय."